कालची कडी, दोन अंडी आणि एक पातोळी

मावशी, मी गोव्यात, फोंड्याजवळच्या गावात राहते. वय ४६. गेल्या महिन्यात रक्त तपासलं, तीन महिन्यांची सरासरी साखर ७.४ आली. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि भात, पाव, गोड कमी करा म्हणाले. फोनवर लो-कार्ब, म्हणजे कमी पिष्ट-साखरेचं जेवण, शोधलं तर सगळीकडे बदामाचं पीठ, अ‍ॅव्होकॅडो आणि झुकिनी. घरी सासूबाई, नवरा, दोन मुलगे. मी नोकरी करते, दोन वेगळे स्वयंपाक मला जमणार नाहीत. सासूबाई म्हणतात, ताटात भाताचं शीत नाही तर ते जेवण कसलं? सोपे, पोट भरेल असे पदार्थ सांग. आणि दुपारी चार वाजता मला गोड लागतंच. गणपतीची चवथ तोंडावर आलीय, तिचं काय करू?
– भातवेडी, फोंडा तालुका

भातवेडी,

बदामाच्या पिठाचं पाकीट अजून आणलं नसशील तर आणू नकोस. सहा वर्षांपूर्वी माझी साखर वाढली तेव्हा मी आणलं होतं. आंबोळ्या करायचा बेत होता. बिड्याचा तवा तापवला, तेल फिरवलं, पीठ पसरलं. कडेने रंग आला, वासही बरा सुटला, आणि कालथा घातला तर अर्धी आंबोळी कालथ्यावर, उरलेली तव्याला. घरच्यांनी ती चमच्याने खाल्ली, माझ्यावर उपकार म्हणून. पाकिटातलं उरलेलं पीठ पावसाळ्यात डब्यातच खवट झालं.

तेव्हापासून नक्कल-पदार्थांचा नाद मी सोडला. भातासारखा दिसणारा, पावासारखा दिसणारा पदार्थ समोर आला की जीभ लगेच तुलना करते आणि रुसून बसते. त्यापेक्षा आपल्या ताटाकडे नीट बघ. शीत सोडलं तर उरतं काय? नुस्तें म्हणजे मासळी, तिची कडी, तांबडी भाजी, किसमूर, सोलकढी. हे बहुतेक सगळं लो-कार्बच आहे. फक्त ताटातली जागा आजवर शिताने अडवलेली होती.

पण आधी गोळीचं बोलू. तू तिचं नाव लिहिलेलं नाहीस. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम खाली जायची भीती फारशी नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल आणि तू उद्यापासून भात बंद केलास, तर साखर ७०च्या खाली घसरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तसं झालं तर त्या क्षणी पथ्य विसरून तीन चमचे साखर पाण्यात घालून पी. आणि गोळीच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येत असेल, तर कार्ब्स अगदी कमी करणं धोक्याचं. साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. मळमळ, पोटदुखी, धाप लागते. तेव्हा ताट बदलायच्या आधी डॉक्टरांना फोन करून एवढंच विचार: मी भात निम्म्यावर आणते आहे, गोळीचा डोस तोच ठेवायचा का?

आता शिताचा हिशेब. शिजलेल्या भातात १०० ग्रॅमला साधारण २८ ग्रॅम कार्ब्स असतात. म्हणजे घरातली एक भरलेली वाटी ४०च्या आसपास. आपण दुपारी दोन-तीन वाट्या सहज घेतो, वर हुमण, म्हणजे माशांची कडी, ओतलं की कळतही नाही. उकडा तांदूळ सुरयेपेक्षा, म्हणजे न उकडलेल्या तांदळापेक्षा, जरा हळू पचतो हे खरं, पण कार्ब्स तेवढेच. दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली राहिलं की त्याला लो-कार्ब म्हणतात. ५०च्या खाली जायचं तो कीटोचा मार्ग, आणि तुझ्यासारख्या नोकरी करून घर चालवणाऱ्या बाईला मी तो सांगणार नाही. दुपारी अर्धी वाटी शीत ठेव, रात्री नको. तीही अर्धी वाटी जेवणाच्या शेवटी घे. भाजी आणि मासे आधी पोटात गेले की जेवणानंतरची साखर कमी उसळते. सासूबाईंनाही ताटात शीत दिसेल.

एक गोष्ट मात्र फोनवर कुठे सापडणार नाही, कारण ते लिहिणाऱ्यांनी आपली कडी खाल्लेली नसते. आपली कडी भातासाठी बेतलेली असते. तिचं मीठ, तिखट, आंबटपणा हे सगळं फिक्या शिताच्या ढिगाला चव देण्याच्या हिशेबाने घातलेलं. शीत काढून तीच कडी वाटीने प्यायलीस तर तोंड भाजेल, तहान तहान होईल, आणि चार दिवसांत तू म्हणशील की मावशी, हे आपलं काम नव्हे. म्हणून घरासाठी कडी कर तशीच, पण मीठ-मिरची जरा हात राखून. ज्याला हवं त्याने वरून घ्यावं. आणि कडीखाली काहीतरी हवंच. फ्लॉवर किसून त्याचा ‘भात’ करतात, तो मी करून पाहिलाय. कडी पडली की पाणी सुटतं आणि सगळं ताटभर पसरतं. त्यापेक्षा कोबी. अगदी बारीक चिरून खोबरेल तेलावर मोहरी, हिरवी मिरची, मूठभर ओलं खोबरं घालून पाच मिनिटं मोठ्या आचेवर परतायचा, कचकचीत ठेवायचा. माझी ख्रिस्ती शेजारीण याला फुगाद म्हणते. यावर हुमण घाल. कोबी कडी धरून ठेवतो आणि चावायलाही काही असतं. मुलांना तीच भाजी शितासोबत वाढायची, म्हणजे दुसरा स्वयंपाक नाही.

सकाळचा प्रश्न त्याहून सोपा. पाववाल्या पोदेराचा भोंगा ऐकू आला की पाय दाराकडे वळतात, मला माहीत आहे. एका पावात वीस-पंचवीस ग्रॅम कार्ब्स जातात. कोंड्याचा पाव, म्हणजे पोळी, घेतलीस तरी तेही गव्हाचंच पीठ. तेव्हा पाव मुलांना, आणि तुला कालची कडी. रात्रीचं उरलेलं हुमण मासळीचे तुकडे काढून फ्रीजमध्ये ठेवायचं. आपल्या आज्या ते मातीच्या कुंडल्यात चुलीच्या उबेला ठेवायच्या. तू पावसाळ्यात तो प्रयोग करू नकोस. सकाळी पसरट कढईत ओतून मंद आचेवर आटव. घाई करू नकोस, तोवर मुलांचे डबे भर. बाजूने तेल दिसायला लागलं आणि चमच्याने मधून रेघ ओढली तर ती लगेच भरून येत नाही, की समजायचं झालं. तिरफळं वेचून काढ. चमच्याने दोन खळगे कर, त्यात दोन अंडी फोड, झाकण ठेव. तीन-चार मिनिटांत पांढरा भाग घट्ट होतो, बलक हलता राहतो. तो फोडून कडीत मिसळायचा आणि काकडीच्या जाड कापांनी उचलून खायचं. मी आठवड्यातून तीनदा तरी खाते. सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कडी असेल तर चारदा.

संध्याकाळी ऑफिसातून येताना गाड्यावर रस-ऑम्लेट, म्हणजे मसालेदार रश्शातलं ऑम्लेट, खायची सवय असेल तर तीही सोडू नकोस. डबल ऑम्लेट सांग, रस घे, वर कांदा आणि लिंबू, पाव परत कर. गाडेवाला एकदा तुझ्याकडे बघेल, दुसऱ्या दिवसापासून विचारणार नाही.

मासळीचं म्हणशील तर तुझं पत्र आलंय नेमकं बंदीच्या दिवसांत. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर बंद. आणि बंदी उठते तोवर श्रावण दारात. देवाने गोंयकाराची थट्टाच केली आहे! आता घरात सुकी सुंगटं असतीलच. डोकी-शेपट्या काढून कोरडी भाजायची, कुरकुरीत झाली की हाताने चुरून कांदा, ओलं खोबरं, मिरचीपूड आणि चिंचेचा किंचित कोळ. किसमूर झाली. ही एरवी तोंडीलावणं म्हणून चमचाभर वाढतात. तू ती तांबड्या भाजीवर वाटीभर पसरून जेवण म्हणून खा. रक्तदाब असेल तर सुकं नुस्तें आठवड्यातून एकदाच, कारण त्यात मीठ फार.

ऑगस्टनंतर बांगडे येतील, तेव्हा त्यांच्यात कार्ब्स शोधू नकोस, नसतात. कार्ब्स असतात ते त्यांच्यावरच्या रव्यात. दोन मोठे चमचे रवा म्हणजे चौदा-पंधरा ग्रॅम. पाव वाटीहून जास्तच भात बांगड्याने अंगावर चढवून आणला म्हण. तो नकोच. बांगड्याला चिरे देऊन मीठ, हळद, मिरचीपूड आणि कोकमाचं आगळ चोळायचं, अर्धा तास ठेवायचं, पुसून कोरडा करायचा, आणि तवा धूर निघेपर्यंत तापल्यावरच खोबरेल तेलात सोडायचा. मग तो तव्याने धरलाय असं वाटेल, धरू दे. कड तपकिरी झाली की आपोआप सुटतो. लोक त्याआधीच कालथा घालतात आणि मग रव्याशिवाय मासा चिकटतो म्हणून ओरडतात. आगशीच्या वांग्याचे काप आणि सात शिरांच्या भेंड्याही याच तऱ्हेने, रव्याशिवाय.

श्रावणातल्या आणि सोमवारच्या ताटाला जरा विचार लागतो, कारण आपलं शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण कडधान्यावर आणि कंदांवर उभं आहे. मुगागाठी, म्हणजे मोडाच्या मुगाची उसळ, चांगल्या, पण एक वाटी घेतलीस तर त्या जेवणात शीत नाही, असा सौदा ठेव. खतखत्यातले, म्हणजे मिश्र भाज्यांच्या कालवणातले, कणंगं, सुरण असे कंद दुसऱ्यांना वाढ, शेंगा-भोपळा आपल्याकडे. टायकिळ्याची भाजी या दिवसांत फुकट मिळते, पोटभर खा; त्यातल्या फणसाच्या आठळ्या मोजून, त्या पिष्टमय. ओळमी, म्हणजे रानातली अळंबी, परवडली तर शाकुती कर. परवडली नाही तर, आणि सहसा नाहीच परवडत, बाजारातली साधी अळंबी आणि पनीर मिळून तीच शाकुती. वाटणात नेहमीचं भाजलेलं खोबरं, धणे, खसखस, मिरी असतं. जाडसरपणासाठी बटाटा घालतेस तो तेवढा घालू नकोस.

पहिल्या आठवड्यात वजनकाटा दोन किलो खाली दाखवेल. हुरळून जाऊ नकोस, त्यात बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, ते आधी जातं. त्याच दिवसांत डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं होतं. दुपारी ग्लासभर सोलकढी घे, मीठ घालून, साखर न घालता. आणि खोबरं चालतं म्हणून मोकाट सुटू नकोस. पुढच्या तपासणीत साखरेबरोबर कोलेस्टेरॉलही बघून घे.

आता चार वाजताचं गोड.

पहिली शंका ही की ती गोडाची नव्हे, साधी भूक आहे. दुपारी फक्त भाजी-शीत खाल्लंस तर चारला पोट ओरडणारच. आठ दिवस दुपारी अंडी, मासे किंवा पनीर नीट खा आणि चारला ओल्या खोबऱ्याचा एक मोठा तुकडा चावून चावून खा. तेवढ्यावर भागलं तर उत्तम. काजूंच्या वाटेला जाऊ नकोस. दहा काजूंत चार-पाच ग्रॅम कार्ब्स, म्हणजे तसे चालतात. पण गोव्यात जन्मलेल्या माणसाचा हात दहाव्या काजूवर थांबलेला मी पाहिलेला नाही. माडाच्या गुळाचंही तेच. म्हापशाच्या बाजारातला तो काळा, धुरकट वासाचा गूळ मला जीव की प्राण आहे. पण तो नैसर्गिक म्हणून रक्तातली साखर काही त्याला सूट देत नाही. ‘शुगर-फ्री’ लिहिलेल्या लाडवाचं खोकं मी एकदा हौसेने आणलं, चष्मा लावून मागची बाजू वाचली, तर खजूर आणि मैदा. दुकानदार म्हणाला, बाय, साखर कुठे आहे? तोही खोटं बोलत नव्हता.

इतकं करूनही गोड हवं असेल तर हे कर. बिबिंकाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद आहे, पण त्याच्यातला मैदा आणि साखर काढून टाकली तर उरतं काय, याचा विचार कर. नारळाचा घट्ट रस, अंड्याचे बलक, तूप, जायफळ. म्हणजे बिबिंकाची निम्मी मजा! २०० मिली घट्ट रस, दोन अंडी आणि एक जादा बलक, दोन चहाचे चमचे साखर, चिमटीभर मीठ, किसलेलं जायफळ. फेस न काढता काट्याने हलवायचं आणि गाळून घ्यायचं. हळदीचं पान गरम तव्यावर क्षणभर मऊ करून तुपाचा हात लावलेल्या वाटीत बसवायचं आणि त्यात हे मिश्रण ओतायचं. तीन वाट्या होतात. मोदकपात्रात ठेव, झाकणाला फडकं बांध म्हणजे वाफेचे थेंब पडणार नाहीत, आणि आच अगदी बारीक. मी पहिल्या खेपेला आच मोठी ठेवली, तर वाटीत जाळीदार भुर्जी आणि तळाशी पिवळट पाणी. वीस मिनिटांनी वाटी हलवून बघ. मधोमध कोवळ्या नारळाच्या, आडसराच्या मलईसारखं थरथरलं पाहिजे. गार झालं की पान सोलल्यावर हळदीच्या शिरा वर उमटलेल्या दिसतात. एका वाटीत सहा-सात ग्रॅम कार्ब्स.

साखर मुद्दाम खरी सांगितली. स्टीव्हिया घालून होतं, मीही घातलंय. पण साखरेऐवजीची असली गोडी वजन आटोक्यात ठेवण्यासाठी वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं. ती सूचना मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती, म्हणून तुला मनाई नाही. माझा अनुभव इतकाच की दोन चमचे खऱ्या साखरेने जीभ हळूहळू कमी गोडाला सरावते, आणि थेंबांनी ती लाडावतच जाते.

अंडं चालत नाही त्या दिवशी चक्का. दही रात्रभर फडक्यात टांगून, पण फ्रीजमध्ये. आपल्या पावसाळी हवेत बाहेर टांगलं तर सकाळी आंबट ढाण होतं. त्यात वेलची, जायफळ, चमचाभर साखर. मे महिन्यात मानकुरादाच्या दोन फोडी बारीक चिरून घाल आणि साखर विसर. आंब्यात १०० ग्रॅमला १५ ग्रॅम कार्ब्स असतात, दोन फोडींनी आभाळ कोसळत नाही. अख्खा आंबा हातात घेऊन चोखायला बसलीस तर मात्र मला पत्र लिहू नकोस.

राहिली चवथ. नैवेद्याशी प्रयोग करायचा नाही. हळदीच्या पानात वाफवायची गोड पातोळी फ्लॉवरची, करंजीसारखी नेवरी बदामाची, असलं काही देवापुढे ठेवून सासूबाईंचा जीव दुखावू नकोस. त्यांच्या पातोळ्यांना वर्षभर वाट बघणारी माणसं असतात. तू एक पातोळी खा. कालची गार नव्हे, मोदकपात्रातून आत्ता काढलेली, वर तूप घालून, बसून. त्या जेवणात शीत नाही, मणगणें, म्हणजे चणाडाळीची खीर, चाखण्यापुरतं, आणि नेवरी दुसऱ्या दिवशी चहाबरोबर अर्धी. जेवल्यावर आरतीला उभं राहण्याआधी अंगणात पंधरा मिनिटं फेऱ्या मार. घरोघरी दर्शनाला जाशील तेव्हा प्रत्येक घरी पंचखाद्य हातावर पडणारच. ते नाकारायचं नसतं. पिशवीत एक छोटा डबा ठेव, त्यात टाकत जा, मुलगे आहेतच खायला.

आणि सासूबाई परसातून हळदीची पानं कापतील तेव्हा त्यांना चार जास्त कापायला सांग. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलीस तर आठवडाभर टिकतात. वाट्यांना लागतील.

– मावशी